शस्त्राचे नाव आणि शस्त्राचे कार्य : सोव्हिएत रायफलींच्या मराठी संज्ञांविषयी

धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यावर एके काळी असलेली व १६३२ मध्ये विजापुरास नेलेली प्रचंड तोफ मराठीत ‘मुलूखमैदान’ म्हणून प्रसिद्ध आहे. मूळ नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठीत ‘मलिक’चा ‘मुलूख’ झाला, अर्थ निसटला, आणि अखेर हे नाव सभा गाजविणाऱ्या वक्त्याचे विशेषण होऊन बसले. मूळ नावातही दराराच होता. घडणीविषयी अवाक्षर नव्हते. याउलट ‘तोड्याची बंदूक’, ‘ठासणीची बंदूक’ ही साधी नावे शस्त्र कसे चालते ते सांगतात. सोव्हिएत रायफलींविषयीच्या आजच्या मराठी लेखनात दराऱ्याची परंपरा टिकली आणि घडणीची लोपली, असे खेदाने म्हणावे लागते.

‘एके-४७’ हे नाव तर आता कोणत्याही स्वयंचलित बंदुकीस लावले जाते. १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर रूढ झालेले ‘एके-५६’ हे नाव सोव्हिएत नामावलीत नाहीच. ते चिनी ‘५६ नमुन्या’वर सादृश्याने चढविलेले आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही व्युत्पत्ती रंजक वाटेल. वाचकाची मात्र ती दिशाभूल करते.

रशियन भाषेत ‘विन्तोव्का’ व ‘अव्तोमात’ असा स्पष्ट भेद आहे. पहिला शब्द ‘विन्त’ म्हणजे मळसूत्र यापासून आला. नळीच्या आतील पिळदार खाचांचा तो निर्देश. परंतु अशा खाचा कलाश्निकोव्हच्या ‘अव्तोमात’मध्येही आहेत. म्हणजे हा भेद आता नळीचा नसून कार्याचा आहे, आणि ‘मळसूत्री बंदूक’ असा शब्दशः प्रतिशब्द घडविल्याने काहीच साधणार नाही. १८९१ च्या मोसिन विन्तोव्कात पाच काडतुसे मावत, प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे करावा लागे, आणि तिच्या काडतुसाचे कवच ५४ मिलिमीटर लांब होते. १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या ‘अव्तोमात’चे कवच ३९ मिलिमीटरचे. दारू कमी, धक्का कमी, पल्लाही कमी. पण तीस गोळ्यांचा साठा आणि तीन-चारशे मीटरच्या आतील चकमकीत सलग मारा. त्याची कळ सुरक्षित स्थितीतून खाली दाबली असता प्रथम सलग माऱ्यावर येते, एकेका गोळीवर नंतर. शस्त्र कोणत्या कामासाठी घडविले, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

१९६३ मध्ये स्वीकारलेली द्रागुनोव्ह मात्र पुन्हा ‘विन्तोव्का’च. तिला मोसिनचेच जुने लांब काडतूस, दहा गोळ्या, दुर्बीण. सलग मारा मुळीच नाही. मराठी वर्णनांत ती दबा धरून बसलेल्या एकांड्या नेमबाजाचे हत्यार ठरते. वस्तुतः ती पायदळाच्या तुकडीबरोबरच चालणाऱ्या जवानासाठी घडविली गेली. सोबत्यांच्या ‘अव्तोमात’चा पल्ला जेथे संपतो, तेथून पुढचे लक्ष्य टिपणे हे तिचे काम. ‘स्नायपर’ हा शब्द तिच्या रशियन नावातच आहे, हे खरे. तथापि त्यावर विसंबून केलेले वर्णन तिला ज्या तुकडीसाठी घडविले, त्या तुकडीपासूनच तोडते.