इंका विवाहसंस्था : चाल कोणाची, हुकूम कोणाचा?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात चित्रांचे एक जाडजूड पुस्तक हातोहात फिरत होते. पेरू देशातली जुनी मातीची भांडी आणि त्या भांड्यांवर घडवलेल्या स्त्रीपुरुषांच्या संभोगाच्या आकृती. एक सहकारी हसत म्हणाले, "हे इंका म्हणजे आपले आदिवासीच की हो. या लोकांत या बाबतीत सगळे मोकळेच असते." 'या लोकांत' हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या वस्तीतल्या बायकांबद्दल गावात याच सुरात बोलले जाई. हसणाराही असाच असे, अंगणात उभा, कपडे पांढरे.

त्याच आठवड्यात माझा एक विद्यार्थी, चळवळीत उठबस असलेला, मोठ्या उत्साहाने आला. लुई बोदँ या फ्रेंच लेखकाने १९२८ साली इंकांच्या राज्याला 'समाजवादी साम्राज्य' म्हटले होते, हे त्याने कोठे तरी वाचले होते. "सर, तिथे राजाचा अधिकारी गावोगाव जाऊन गरिबांची लग्ने लावून देई. जोडप्याला जमीन मिळे. आपण ज्याच्यासाठी भांडतो ते त्यांनी केव्हाच केले होते."

एक वाचन हसणारे, दुसरे हात जोडणारे. दोन्ही मला खटकली. म्हणून इंकांविषयीच्या जुन्या बखरी इंग्रजी भाषांतरांतून मिळतील तेवढ्या मी पुन्हा वाचल्या. या लेखात मी त्या बखरींचीच समीक्षा करणार आहे. कारण माझ्या मते इंकांच्या विवाहचालींविषयी आपल्याला जे 'माहीत' असते, ते त्या चाली लिहिणाऱ्यांच्या हितसंबंधांतून गाळून आलेले असते.

आधी हसणाऱ्यांचा हिशेब संपवू. ती भांडी इंकांची नव्हेतच. ती पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांची, साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकातली. कुस्कोच्या डोंगराळ मुलखातून इंकांचे साम्राज्य पसरले ते पंधराव्या शतकात. मधे सहा-सातशे वर्षे गेली. पण ज्याला 'या लोकांत' म्हणायचे असते त्याला शतके मोजण्याची गरज वाटत नाही. ही खोड पंडितांतही आहे. हिराम बिंगम १९११ साली माचू पिच्चूला पोचला. तिथल्या थडग्यांतले बहुतेक सांगाडे स्त्रियांचे, असा अहवाल त्याच्या सहकाऱ्याने दिला, आणि माचू पिच्चू हे 'सूर्यकुमारिकांचे' आश्रयस्थान ठरले. पुढे हाडांची नीट तपासणी झाली तेव्हा स्त्रिया आणि पुरुष जवळपास सारखेच निघाले. तोवर कुमारिकांचे ते नगर पर्यटकांच्या पुस्तकांत पक्के बसले होते.

आता हात जोडणाऱ्यांकडे वळू. त्यांचा मुख्य आधार गार्सिलासो दे ला व्हेगा. त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १६०९ साली लिस्बनला छापला गेला. तो सांगतो की दरवर्षी किंवा दोन वर्षांनी लग्नायोग्य तरुण-तरुणींना एकत्र करून राजाच्या नावाने त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले जात. मुलगी अठरा ते वीस वर्षांची, मुलगा चोवीसच्या पुढचा. जोडप्याला घर मिळे, जमीन मिळे; मुलगा झाला की जमिनीचे आणखी एक माप, मुलगी झाली की अर्धे. माझ्या विद्यार्थ्याला भुरळ पडली ती या पानांची.

पण त्याच पानांच्या शेजारी आणखी काय आहे ते पाहावे. एका प्रांतातल्यांनी दुसऱ्या प्रांतात लग्न करायचे नाही. आपल्याच गावात, आपल्याच गोतात करायचे, म्हणजे कुळे मिसळणार नाहीत. मुलीला अर्धे माप का, याचा जाब कोणी विचारलेला नाही. आणि लग्न झाले की पुरुष राज्याच्या श्रमपटावर चढे. इंकांच्या राज्यात कर पैशांत नव्हता, तो अंगमेहनतीत होता; गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या किपूवर घराघराची नोंद असे. लग्न लागले याचा अर्थ राबणारे एक नवे घर खात्यावर आले. राजाचा अधिकारी गावोगाव येत होता त्यामागे वत्सलता किती आणि जमाखर्च किती, हे वाचकानेच ठरवावे.

नियम सर्वांना सारखा असता तरी एक वेळ चालले असते. सामान्य माणसाला एक बायको. सरदाराला अनेक, आणि त्याही बहुधा राजाने बक्षीस दिलेल्या. सामान्याला सख्ख्या बहिणीशी लग्न निषिद्ध. राजाची पट्टराणी, म्हणजे कोया, मात्र त्याची बहीण. तोपा इंका युपान्कीपासून सख्ख्या बहिणीशी विवाहाची रीत पडली असे सांगतात. गार्सिलासो कारण देतो की सूर्याचे रक्त शुद्ध राहावे. पहिला इंका मांको कापाक आणि त्याची बहीण-पत्नी मामा ओक्ल्यो यांचे मिथक त्यासाठी तयारच होते.

येथे मला बाबासाहेबांचा १९१६ सालचा कोलंबिया विद्यापीठातला निबंध आठवतो. अंतर्विवाह हाच जातीचा प्राण, आणि त्यासाठी स्त्रीला जखडावेच लागते, हे त्यांनी तेथे मांडले. वरच्यांचे अनुकरण करीत ही बंधने खाली झिरपतात असेही ते म्हणतात. या कसोटीवर इंकांचे राज्य घासले तर एक वेगळीच गोष्ट दिसते. राजाचा बहीण-विवाह म्हणजे अंतर्विवाहाचे शेवटचे टोक, दोन माणसांचीच जात. पण येथे अनुकरणाला बंदी आहे. जे वर पवित्र तेच खाली गुन्हा. इंका व्यवस्थेला जातिव्यवस्था म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण खालच्या गावांतल्या मुली वरच्या घरांत घेतल्या जात आणि त्यांची मुले त्या घरांची होत. मात्र हेही ध्यानात घ्यावे की पुरुषाला त्याच्या गावात खिळवून ठेवायचे आणि स्त्रीला हुकमाने हलवायचे, अशी ती रचना होती.

हलवायचे म्हणजे काय, ते 'आक्ला' या शब्दात आहे. आक्ला म्हणजे निवडलेली. आठ-दहा वर्षांच्या मुली गावोगावहून निवडून आक्लावासी नावाच्या बंदिस्त घरांत ठेवल्या जात. मामाकुना नावाच्या वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांना उंची कापड विणायला आणि मक्याची चिचा हे मद्य करायला शिकवीत. पुढे काही सूर्याच्या सेवेत राहत, काही राजाच्या जनानखान्यात जात, काही सरदारांना आणि पराक्रमी सैनिकांना दिल्या जात. काहींचा बळी जाई. सूर्याच्या वा राजाच्या घरातली स्त्री परक्याला कधीच दिली जात नसे, असे गार्सिलासो आग्रहाने सांगतो. इतर बखरकार वेगळे सांगतात. इंकांच्या राज्यात कापडाला केवढे राजकीय मोल होते हे जॉन मुर्रा या अभ्यासकाने दाखवून दिले आहे. राजाच्या देणगीत उंची वस्त्र असे आणि बायकोही असे. विणणारी आणि विणलेले, दोन्ही एकाच हाताने वाटले जात.

ओक्रोस गावच्या तांता कार्वाची हकिकत एका पाद्र्याने १६२२च्या सुमारास लिहून ठेवली आहे. ती एका कुराकाची, म्हणजे स्थानिक मुखियाची, मुलगी. बापाने तिला इंकाच्या बळीसाठी दिले, तिला जिवंत पुरले, आणि बापाचा अधिकार वाढला. १९९९ साली अर्जेंटिनाच्या यूयायाको शिखरावर गोठलेल्या अवस्थेत तीन मुले सापडली. त्यांत एक किशोरवयीन मुलगी आहे. तिच्या केसांच्या तपासणीत आढळले की शेवटच्या वर्षभरात तिचे अन्न एकाएकी सुधारले होते, आणि शेवटच्या दिवसांत तिला मद्य भरपूर दिले जात होते. सुवर्णयुगाच्या भक्तांनी ही तपासणी वाचावी.

या साऱ्यात कौमार्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आक्लावासीतल्या मुलीशी संबंध आला तर गार्सिलासोच्या म्हणण्याप्रमाणे तिला जिवंत पुरायचे, पुरुषाला फाशी द्यायची, त्याच्या बायकामुलांना आणि शेजाऱ्यांना मारायचे आणि त्याचे गाव उजाड करायचे. (असा गुन्हा कधी घडलाच नाही, हेही तोच सांगतो.) पण गावात, म्हणजे नातेसंबंधांवर आणि सामाईक जमिनीवर उभ्या असलेल्या आयल्यूत, चित्र निराळे होते. तेथे मुलगा-मुलगी आधी एकत्र राहत, जमले तर लग्न करीत. या रीतीला पुढे सिर्विनाकुय असे नाव मिळाले. कुमारी राहिलेल्या मुलीवर कोणाचे मनच बसले नसेल अशी लोकांची समजूत, हे पाद्री कोबो नाराजीने नोंदवतो. लग्नात वर वधूच्या पायात चप्पल घाली. ती कुमारी असेल तर लोकरीची, नसेल तर गवताची. भेद होता, पण गवताची चप्पल घालूनही लग्न लागत होते. १६२१ साली पाद्री आर्रियागाने एक किस्सा दिला आहे. एकाने लग्न लावून द्या म्हटले, तर मुलीच्या भावाने हरकत घेतली. कारण एवढेच की ही दोघे अजून एकत्र राहिलेलीच नाहीत!

म्हणजे कौमार्य ही राबणाऱ्या लोकांची मागणी नव्हती; ती राज्याची, देवळाची आणि पुढे चर्चची मागणी होती. १५३२ साली काहामार्का येथे आतावाल्पा पकडला गेला आणि राज्य बदलले. १५६९ ते १५८१ या काळात व्हाइसरॉय असलेल्या तोलेदोने लग्नाआधी एकत्र राहण्याविरुद्ध फर्माने काढली. इंका गेला, पाद्री आला. स्त्रीच्या देहावरची चौकी उठली नाही. ती रीत मात्र चिवट निघाली. विसाव्या शतकातही अँडीजच्या खेड्यांत अभ्यासकांना ती आढळली.

आता लेखण्यांविषयी. गार्सिलासोची आई चिंपू ओक्ल्यो इंका राजकुळातली, बाप स्पॅनिश कप्तान. बापाने तिच्याशी लग्न केले नाही. त्याने एका स्पॅनिश बाईशी लग्न केले आणि आईला एका साध्या स्पॅनिश माणसाच्या गळ्यात बांधण्यात आले. हा मुलगा वयाच्या एकविसाव्या वर्षी स्पेनला गेला आणि तिथे त्याने जेत्याच्या भाषेत आईच्या कुळाचा इतिहास लिहिला. त्याच्या पानोपानी इंकांचे विवाह पवित्र आहेत, हे मला आता समजते. मीही घरातला पहिला पदवीधर आहे. शिकलेल्यांच्या भाषेत आपल्या माणसांबद्दल लिहू लागलो की आई-आजीचे सारे झाकून चांगले तेवढे मांडावेसे वाटते. गार्सिलासोचा मला राग येत नाही. पण त्याने आईच्या कुळाची बाजू घेताना कुळाखालच्या बायकांना वाऱ्यावर सोडले, हे म्हटलेच पाहिजे.

त्याच्याच ग्रंथात एक शब्द येतो, पाम्पायरुना. मोकळ्या माळावर राहणारी. या वेश्या. त्यांनी गावाबाहेर एकेकट्या झोपडीत राहायचे, गावात यायचे नाही. गावातली बाई त्यांच्याशी बोलली तर तिलाही तेच नाव पडे, चारचौघांत तिचे केस कापत, नवरा तिला टाकून देई. गार्सिलासो हे सहज सांगून पुढे जातो. गावकुसाबाहेर वाढलेल्या मला मात्र पुढे जाता आले नाही. त्या माळावर कोणत्या मुली पोचत होत्या, कोणाच्या, कशा, हे त्या सुवर्णयुगाच्या लेखकाला विचारावेसेच वाटले नाही.

वामान पोमाचे हस्तलिखित सुमारे १६१५ सालचे. स्पेनच्या राजाला उद्देशून लिहिलेली सुमारे बाराशे पाने आणि जवळपास चारशे चित्रे. ते कोपनहेगनच्या ग्रंथालयात पडून होते, १९०८ साली उजेडात आले. पाद्री आणि अंमलदार आमच्या बायकांची कशी लूट करतात हे त्याच्याइतके धगधगीत कोणी लिहिलेले नाही. असा लेखक कोणत्याही विद्रोही परंपरेला भूषण ठरावा. पण त्याचा उपाय काय? वंश वंशापासून वेगळे ठेवा, मिश्र संतती थांबवा, आणि बिघडलेल्या बायकांना आवरा. पीडित पुरुषाची लेखणीही शेवटी स्त्रीभोवती कुंपणच घालते.

आणि स्त्रीची लेखणी? कुसिरिमाय ओक्ल्यो आतावाल्पासाठी ठरलेली, मग पिसारोच्या घरात, त्याच्यापासून दोन मुले, मग बेतांसोस या दुभाष्याची बायको. तिच्या नातलगांच्या आठवणींवर बेतांसोसने १५५१ साली बखर रचली. ती संपूर्ण छापली गेली १९८७ साली. मुखपृष्ठावर नाव नवऱ्याचे आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले तेव्हा तो थोडा खट्टू झाला. म्हणाला, "मग सर, इंकांकडून घेण्यासारखे काहीच नाही?" मी म्हटले, आहे. आर्रियागाने हसण्यासाठी नोंदवलेला तो भाऊ आहे, बहिणीने माणूस पारखून घ्यावा म्हणून पाद्र्यापुढे उभा राहणारा. आयल्यूतली ती मुलगी आहे, गवताची चप्पल घालून ताठ मानेने नांदायला जाणारी. सूर्याच्या वंशजांपेक्षा ही माणसे आपल्या जवळची आहेत. आपल्या अभ्यासमंडळांत प्राचीन समाजांची पुस्तके वाचली जातात, त्यांत आदर्श शोधले जातात. शोधावेत. पण जेथे 'त्या लोकांत अशी चाल होती' असे वाक्य येईल तेथे थांबून विचारावे : ही चाल पाळणाऱ्यांची होती, की पाळायला लावणाऱ्यांची? आणि माळावरच्या झोपडीतली बाई या पानावर आहे की नाही?

तो विद्यार्थी आता पाम्पायरुनांवर निबंध लिहितो आहे. साधने फार थोडी आहेत. प्राध्यापक-कक्षातले ते चित्रांचे पुस्तक मी त्याला मागून आणून दिले.