एकबीज जुळी आणि प्रसूतिपूर्व निदान : एका गृहीतकाची चिकित्सा

एकाच फलित बीजांडाच्या विभाजनातून जन्मणारी जुळी जनुकीयदृष्ट्या तंतोतंत सारखी असतात, हे विधान पाठ्यपुस्तकांतून सिद्धान्तासारखे मांडले जाते. ते अपुरे आहे. प्रसूतिपूर्व निदानात तर घातकही ठरू शकते. फलनानंतरच्या पेशीविभाजनात एखादे गुणसूत्र गळू शकते वा जादा राहू शकते. त्यामुळे एका गर्भात डाऊन सिंड्रोम आणि दुसऱ्यात नेहमीची ४६ गुणसूत्रे, अशी दुर्मीळ उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत. वाय गुणसूत्र एकाच गर्भात गळाल्यास एकबीज जुळ्यांत एक मुलगा व दुसरी टर्नर सिंड्रोम असलेली मुलगी संभवते!

मातेच्या रक्तातील गर्भाचा मुक्त डीएनए मुख्यत्वे वारेतून येतो व जुळ्यांत तो मिसळलेला असतो. दोष नेमका कोणात, हे तो सांगत नाही. गर्भजल परीक्षणात 'जुळी एकबीज आहेत, एक नमुना पुरे' हा युक्तिवाद खर्च व धोका वाचविणारा खरा. परंतु सोनोग्राफीत दोन गर्भांमध्ये ठळक फरक दिसत असताना तो समर्थनीय नाही. दोन्ही पिशव्यांतील गर्भजल स्वतंत्रपणे तपासावयास हवे. जन्मानंतर केवळ रक्तावरही विसंबता येत नाही, कारण सामाईक वारेतून रक्तपेशींची देवाणघेवाण झालेली असू शकते. अशा वेळी त्वचेच्या पेशी अधिक विश्वसनीय ठरतात.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. वार सामाईक असल्यास एका गर्भाला टोचलेले औषध दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून निवडक गर्भपातासाठी बाधित गर्भाची नाळ बंद करावी लागते, आणि तरीही दुसरा गर्भ गमावण्याचा धोका उरतोच.