उंदराने नेलेली वात

ठाणे-कल्याणच्या माणसाला युद्धातल्या निरपराधांविषयी विचारले, की शिवाजी महाराजांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवल्याची कथा हमखास पुढे येते. कथा गोड आहे. पण तिला समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही. त्यापेक्षा १६७०च्या दशकात महाराजांनी चिपळूण भागातल्या छावणीच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना धाडलेले पत्र आपण सावकाश वाचू या.

रयतेवरच्या करुणेने सुरुवात न करता हे पत्र आधी दाणावैरणीच्या हिशेबाला हात घालते. आत्ताच मनमानी उधळाल, तर ऐन पावसाळ्यात वैरण संपेल, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग उपाशी छावणी गावात शिरेल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, गवत, फाटे, भाजी, पाला. या यादीतली भाकर पाहा! दाणे कणगीतून जातात, भाकर मात्र तव्यावरून, कोणाच्या तरी तोंडची जाते. जे कुणबी जीव धरून कसेबसे राहिले आहेत, तेही मग परागंदा होतील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, हे स्वतःच्याच सैन्याला सुनावण्यात केवढे धारिष्ट आहे!

पण माझा जीव जडला आहे तो पुढच्या उंदरावर. चुली, आगट्या, तंबाखूचा विस्तव असे सगळे धोके सांगून झाल्यावर या राजाला रात्री तेवत राहिलेला दिवा आठवतो; उंदीर त्याची वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, अशी भीती वाटते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गोदामांवर 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाट्या असतात, पण उंदराचा विचार करणारी पाटी माझ्या पाहण्यात नाही. आणि उंदराच्या आधीच महाराजांनी बजावलेले असते, की आग लागल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या तरी पागेसाठी एक लाकूड मिळायचे नाही. सूड किती निरुपयोगी असतो, हे इतक्या व्यवहारी सुरात क्वचितच कोणी सांगितले असेल.

या पत्राला जिनिव्हा कराराचे पूर्वज ठरवण्याची घाई मात्र नको. ही रयत महाराजांची स्वतःची होती, आणि १९४९च्या चौथ्या कराराचा मुख्य रोख शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकांवर आहे. त्याचे ३३वे कलम लुटीला एका त्रोटक वाक्यात मनाई करते, आणि कायद्याला तेवढेच शोभते. लूट कशी जन्मते, रिकाम्या कोठारातून उपाशी घोड्याकडे आणि तिथून कुणब्याच्या चुलीपर्यंत कशी पोचते, ते मात्र हे पत्र दाखवते. हवे ते बाजारातून विकत आणा, ही त्यातली आज्ञा म्हणूनच नुसता उपदेश वाटत नाही. त्यासाठीची तजवीज आधीच करून दिलेली असते.

भारताने १९५०मध्ये जिनिव्हा करार स्वीकारले आणि १९६०मध्ये त्यांचा कायदा केला. तो अभ्यासणाऱ्यांनी हे पत्र मूळ भाषेत, मोठ्याने वाचावे.