‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ : धम्माच्या कसोटीवर

तेरपासून उमरग्यापर्यंत धाराशिव जिल्ह्यातील कुमारांच्या हाती आज मोबाईलवरील हा युद्धखेळ दिसतो. त्याचा पूर्वावतार ‘पबजी मोबाईल’ केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला; परंतु कारण देशाच्या सुरक्षेचे होते, मुलांच्या मनाचे नव्हे. २०२१ मध्ये नव्या नावाने आलेल्या खेळात रक्त हिरवे झाले आणि १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आली.

आमच्या मते रक्ताचा रंग गौण आहे. येथे कोणताही सजीव मरत नाही. म्हणून पहिले शील भंगते असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. तथापि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला भेद येथे लावून पाहावा. शंभर खेळाडू एका भूभागावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते. अखेरीस एकच खेळाडू वा एकच चमू उरतो. म्हणजे गरज कृत्रिमरीत्या निर्माण केली जाते आणि इच्छेला तिचा मुखवटा चढतो.

प्रौढास हा मुखवटा ओळखता येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास तो दाखवून द्यावा लागतो. म्हणून पंधरा वर्षांपर्यंत हा खेळ आम्ही अयोग्य मानतो. त्यापुढे पालकांनी शेजारी बसून तो पाहावा आणि एवढेच विचारावे : येथे मारण्याची गरज कोणी निर्माण केली?