पंख्याचा आवाज आणि उपकरणाचा ताप

भांडुप पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या औद्योगिक वसाहतींत छोट्या छोट्या गाळ्यांतून इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी आणि दुरुस्ती चालते. अशा गाळ्यातला ऑसिलोस्कोप किंवा पॉवर सप्लाय पुष्कळदा लॅमिंग्टन रोडवरून जुना आणलेला असतो, आणि त्याच्या पाठीमागचा पंखा दिवसभर घोंघावत असतो. यावर जाणकार म्हणवणारे हमखास एक उपाय सांगतात: पंख्याच्या तारेत एक रेझिस्टर घाला. खर्च फार तर दोन-चार रुपये, आणि गुण तत्काळ. माझ्या मते हा उपाय नसून अदलाबदल आहे. आणि बदल्यात काय दिले याची नोंद कोणीच ठेवत नाही.

ती नोंद आपण करू. एक लिटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १.२ ज्यूल उष्णता लागते. उपकरणात ६० वॉट उष्णता निर्माण होत असेल आणि पंखा सेकंदाला ५ लिटर हवा ओढत असेल, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असते. पंख्याची गती निम्मी केली की हवाही निम्मी होते आणि हा फरक २० अंशांवर जातो. मे महिन्यात खोलीत ३५ अंश सेल्सिअस असताना पेटीतून ४५ ऐवजी ५५ अंशांची हवा निघेल. आतले भाग त्याहूनही गरम असतील. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. शिवाय मोजमापाच्या उपकरणाची अचूकता पुष्कळदा २३ अंशांच्या आसपासच्या तापमानासाठीच सांगितलेली असते. म्हणजे शांत झालेले उपकरण हळूहळू चुकीचे बोलू लागण्याचा संभव असतो, आणि तेही कुरकुर न करता.

मग हा उपाय इतका लोकप्रिय का? कारण आवाज गतीच्या साधारण पाचव्या घातानुसार बदलतो. गती निम्मी केली की आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. १० डेसिबेल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. कान त्याच क्षणी पसंतीची पावती देतो, पण तापमान स्थिरावायला अर्धा तास लागतो आणि कपॅसिटर निकामी व्हायला काही वर्षे. त्यातून जुन्या उपकरणातला पंखा थेट विजेच्या मुख्य पुरवठ्यावर चालणारा असेल, तर दाब कमी मिळाल्यामुळे एखाद्या सकाळी तो सुरूच होत नाही. शांततेची सवय झालेल्या माणसाला ते कळतही नाही!

खरे तर आवाज कमी करण्यापूर्वी तो ओळखायला हवा. १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर ती बहुधा मोटरच्या चुंबकीय भागातून येते. पंखा पत्र्याला घट्ट कसलेला असल्यास सगळी पेटी गुणगुणते. रबरी वॉशर लावल्याने ती बरीच निवते. ७ पात्यांचा पंखा मिनिटाला २७०० फेरे घेत असेल तर ३१५ हर्ट्झचा सूर निघतो. खरखर असेल तर बेअरिंग पाहावे. पण सर्वांत दुर्लक्षित राहते ती जाळी. पेटीच्या पत्र्यातच भोके पाडून केलेल्या जाळीत पत्राच अधिक आणि वाट कमी असते. पाती तिच्या अगदी जवळ असली की तुटलेली, घुसळलेली हवा त्यांच्यावर आदळते आणि आवाज वाढतो. तो पत्रा कापून तारेची गोल जाळी बसवली, तर आवाज घटतो आणि हवाही वाढते. यात उष्णतेच्या बाजूने काही द्यावे लागत नाही. धुळीने भरलेला फिल्टर धुणे आणि उपकरण भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, हेही त्याच जातीचे उपाय.

नवा ‘शांत’ पंखा विकत घेणाऱ्यांनी तक्त्यातले आकडे जपून वाचावेत. त्यात छापलेला हवेचा प्रवाह आणि आवाज मोकळ्या हवेत, कसलाही अडथळा नसताना मोजलेला असतो. आणि छापलेला कमाल दाब हवा मुळीच वाहत नसतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. विद्युतघटाचा कमाल दाब आणि कमाल प्रवाह एकदम मिळत नाही, तसेच हे.

कारागिराला मात्र दोष देऊन चालणार नाही. आठ तास त्या घोंघाटाशेजारी बसणाऱ्याचा वैताग खरा आहे. उपकरणाच्या माहितीपत्रकात अचूकतेसाठी चार ओळी आणि आवाजासाठी पुष्कळदा एकही नाही, ही निर्मात्यांची उणीव आहे. तापमान पाहून गती बदलणारे पंखे आता सहज मिळतात. ते मूळ रचनेतच असायला हवेत.

आपल्या पाठ्यपुस्तकांत उष्णता एका प्रकरणात आणि ध्वनी दुसऱ्यात, त्यामुळे त्यांची ही गाठ विद्यार्थ्याला दिसतच नाही. ती वर्गात दाखवता येईल. त्यासाठी खरे उपकरण उघडू नये. बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर धक्का देऊ शकतात. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात मोटारीचे १२ व्होल्ट, २१ वॉटचे दोन दिवे बसवावेत. एका बाजूला १२ व्होल्टचा ४० मिलिमीटरचा पंखा, समोरच्या बाजूला हवेसाठी भोक, आणि बॅटरीच्या तारेत ५ ॲम्पिअरचा फ्यूज. भोकापाशी एक आणि पंख्याबाहेर एक असे दोन तापमापक ठेवून फरक लिहावा. मग पंख्याच्या तारेत रेझिस्टर घालावा, पंखा ०.१ ॲम्पिअरचा असल्यास ३३ ओहम, अर्धा वॉट पुरे. मुले आवाज उतरल्याचे लगेच सांगतील. तापमापकाचा आकडा मात्र तो स्थिरावेपर्यंत, निदान वीस मिनिटे, वहीत लिहू देऊ नये.