अक्षराचा आकार आणि वाचकाचा अधिकार

संकेतस्थळावरील अक्षरे वाचकाला आपल्या दृष्टीच्या मानाने लहानमोठी करता यावीत, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांच्या २००८ च्या आवृत्तीने, मजकूर दुपटीपर्यंत वाढविला तरी आशयाची हानी होऊ नये, असा दंडक घातला. तत्त्वाविषयी वाद नाही. ते मांडताना कोणती लिपी गृहीत धरली, याविषयी आहे.

रोमन लिपीत टंकाच्या उंचीचा मोठा भाग मूळ अक्षराच्या वाट्याला येतो. देवनागरीत त्याच उंचीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय मावावे लागतात. साहजिकच मूळ अक्षर आखडते. ब्राउझरचा रूढ १६ पिक्सेलांचा आकार रोमनला पुरतो. मराठीत तेवढ्याच आकारात ‘उद्धार’ आणि ‘उद्गार’ यांतील भेद थकलेल्या डोळ्यांना दिसेनासा होतो.

‘अ+’ या कळीने हे भागते, असा एक समज आहे. वस्तुतः आकार पिक्सेलांत बांधून टाकला, की वाचकाने ब्राउझरमध्ये स्वतः निवडलेला अक्षराकार निष्प्रभ ठरतो. सापेक्ष मापे वापरली तर तो पाळला जातो. एका हाताने अधिकार काढून घ्यावा आणि दुसऱ्या हाताने कळ द्यावी, यातला प्रकार! त्यातच अक्षर वाढले पण ओळीची उंची अचल राहिली, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात, क्वचित कापलेही जातात. जाहीर सूचनेतील ‘मुदत’ या शब्दाचा उकार गेला की ‘मदत’ उरते. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे.

२०१८ च्या सुधारित सूत्रांत अक्षरांमधील अंतर टंकाच्या ०.१२ पट वाढविता यावे, अशी अट आहे. देवनागरीत असे अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. ज्या लिपीत असे अंतर वापरले जात नाही तिला सूत्रांनी सूट दिली आहे. सूट न्याय्य आहे. परंतु सूट म्हणजे माप नव्हे. देवनागरीचे स्वतःचे माप कोणी ठरवायचे, हा प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला आहे, आणि तो आपल्याच विभागांचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शहाड-उल्हासनगरच्या पट्ट्यात तर एकाच आकड्याचा आग्रह अधिकच तोकडा पडतो. येथे मराठी व हिंदीबरोबर सिंधीही वाचली जाते, तीही देवनागरीत आणि अरबी-फारसी वळणाच्या लिपीत. त्या दुसऱ्या लिपीत कित्येक अक्षरांचा भेद केवळ ठिपक्यांच्या संख्येवर व स्थानावर अवलंबून असतो. मजकुरास भाषेची व लिपीची खूण जोडण्याची सोय संकेतस्थळाच्या रचनेत उपलब्ध आहे. ती वापरून प्रत्येक लिपीस तिचा आरंभीचा आकार व ओळीची उंची देता येते, आणि पुढची वाढ-घट वाचकाच्या स्वाधीन ठेवता येते.