छोटे इंजिन, मोठा श्वास : एका पुस्तकाच्या निमित्ताने

कॉर्की बेल यांचे ‘मॅक्झिमम बूस्ट’ हे पुस्तक अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झाले. मोटारीच्या इंजिनाला टर्बोचार्जर कसा निवडावा आणि कसा जोडावा, हा त्याचा विषय. हौशी मंडळी आजही त्याचा हवाला देतात. शिक्षकांच्या मासिकात अशा पुस्तकाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. याचे एक कारण असे की अकरावी-बारावीत आपण वायूंचे जे नियम शिकवतो, ते इतक्या उघडपणे वापरणारे दुसरे लोकप्रिय पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधली मुले जुनी मारुती ८०० घेऊन तिला टर्बो बसवण्याची स्वप्ने पाहतात. कोणते भाग घ्यायचे हे ती चित्रफिती पाहून ठरवतात आणि बहुतेक वेळा पैसे चुकीच्या क्रमाने खर्च करतात. त्या मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावे का, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून मारुती ८०० चेच इंजिन घेऊ. तीन सिलिंडर, व्यास ६८.५ मिमी, धाव ७२ मिमी. गुणाकार केला की ७९६ घसेंमी मिळतात. मिनिटाला ५,५०० फेरे होत असतील तर चार धावांच्या इंजिनात त्यांपैकी निम्म्या फेऱ्यांतच हवा आत येते, म्हणजे मिनिटाला सुमारे २,१९० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८० टक्के भरतात असे धरले, तर ३० अंश सेल्सिअस तापमानाला ही हवा मिनिटाला सुमारे २ किलो भरते. हवेच्या तेरावा हिस्सा पेट्रोल आणि त्यातल्या उष्णतेचे पंचवीस टक्के काम, असा हिशेब केला की सुमारे ३९ अश्वशक्ती हाती लागते. कंपनी ३७ ते ३९ च्या आसपासचाच आकडा देत असे. इंजिनाची ताकद म्हणजे त्याने घेतलेल्या हवेचे वजन, हे बेल यांचे मूळ सूत्र. ते बरोबर आहे आणि वर्गात पाच मिनिटांत पटवता येते.

टर्बो हे वजन वाढवतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त वायूवर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. दाब दीडपट केला म्हणजे हवाही दीडपट गेली, अशी सर्वसाधारण समजूत असते. पुस्तकाचा सर्वांत चांगला भाग या समजुतीची झडती घेतो. दाबलेली हवा तापते. निरपेक्ष तापमानाला दाबाच्या गुणोत्तराच्या ०.२८ व्या घाताने गुणा, असे पुस्तक सांगते. ३०३ केल्विनपासून निघालो आणि दाब दीडपट केला, तर ही वाढ सुमारे ३६ अंश येते. पण हे आदर्श यंत्राचे गणित. चक्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली की वाढ ५२ अंशांवर जाते. हवा ८२ अंशांची झाली, त्यामुळे घनता दीडपट न होता जेमतेम १.२८ पट झाली. पन्नास टक्के दाबासाठी अठ्ठावीस टक्के हवा. मध्ये इंटरकूलर बसवून या वाढीतली ७० टक्के उष्णता काढून टाकली, तर घनता १.४३ पटीच्या जवळ पोचते. वाटेत थोडा दाब घटतो, तो वेगळा.

०.२८ हा आकडा कोठून आला, हे मात्र शिक्षकाने सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याला कळणार नाही. अ‍ॅडियाबॅटिक संपीडनाचे सूत्र फळ्यावर मांडा. हवेसाठी विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर १.४ घेतले की ०.४ भागिले १.४, म्हणजे ०.२८६. बारावीच्या पुस्तकात हे सूत्र कोणत्या तरी नळकांड्यातल्या कोणत्या तरी वायूसाठी येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. येथे त्याच सूत्रावर कोणाचे तरी पिस्टन अवलंबून आहे.

आता भागांच्या निवडीकडे येऊ, कारण खरा वाद तेथे आहे. टर्बो बसवायचा म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो संपीडन गुणोत्तर कमी करा, खोलगट माथ्याचे घडीव पिस्टन घ्या, मजबूत कनेक्टिंग रॉड घ्या. मारुतीचे गुणोत्तर सुमारे ८.७ आहे, ते ७.५ करा. हा सल्ला किती मोलाचा आहे ते मोजून पाहू. सिलिंडरमधल्या संपीडनासाठी १.३५ हा घातांक धरला, तर ८२ अंशांची म्हणजे ३५५ केल्विनची हवा ८.७ पट दाबल्यावर सुमारे ७५७ केल्विनला पोचते. गुणोत्तर ७.५ केले तर ७१९. फायदा ३८ अंशांचा. पिस्टन जुनेच ठेवून इंटरकूलर बसवला, तर सुरुवातच ३१९ केल्विनपासून होते आणि शेवट ६८० च्या आसपास. फायदा ७७ अंशांचा, म्हणजे दुप्पट. शिवाय गुणोत्तर उतरवल्याने आदर्श ऑटो चक्राची कार्यक्षमता ५८ वरून ५५ टक्क्यांवर येते. हा तोटा टर्बो फिरत नसतानाही, शहरातल्या गर्दीत रोज सोसावा लागतो. सिलिंडरच्या भिंतींची उष्णता या हिशेबात धरलेली नाही, तेव्हा आकडे तुलनेपुरतेच घ्यावेत. पण तुलना बोलकी आहे.

रॉडबाबत बेल यांनी मांडलेला मुद्दा तर प्रत्येक कारागिराने वाचावा असा आहे. रॉडवर दोन तऱ्हेचे बल येते. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत फिरतो, तेव्हा तो रॉडला ताणतो. ज्वलनाचा दाब पडतो, तेव्हा रॉड दाबला जातो. पिस्टन, पिन आणि रॉडचे वरचे टोक मिळून ३५० ग्रॅम धरा. ६,००० फेऱ्यांना ताण सुमारे ६,५०० न्यूटन येतो, ७,००० फेऱ्यांना ८,८०० च्या आसपास. तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, टर्बोने नव्हे. उलट ५० बार दाबाला पिस्टनवर १८,००० न्यूटनांहून जास्त बल खाली येते, आणि दाबाचे बल सोसायला पोलादी रॉड सहसा कुरकुरत नाही. रॉडचे बोल्ट तुटतात ते बहुधा ताणाने. म्हणजे फेरे वाढवले नाहीत आणि दाब माफक ठेवला, तर महागडे बोल्ट हा पहिला खर्च असायचे कारण नाही. १९८७ च्या जपानी सुझुकी अल्टो वर्क्समध्ये ५४३ घसेंमीच्या टर्बो इंजिनातून ६४ अश्वशक्ती काढली होती, असे ऐकून मुले हुरळतात. पण ती ताकद ७,५०० फेऱ्यांना मिळत होती, आणि त्या इंजिनाला बारा झडपा होत्या. तेथे सर्व भाग एकमेकांचा विचार करून निवडले होते.

या जातीच्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार येथून सुरू होते. ‘मजबूत’ हा एकच शब्द ती सगळीकडे वापरतात. ओतीव पिस्टन आणि घडीव पिस्टन यांत फरक केवळ बळाचा नाही. ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असते, त्यामुळे तो कमी फुगतो आणि सिलिंडरशी सलग बसतो. कमी सिलिकॉनचा घडीव पिस्टन अधिक चिवट असतो, पण अधिक फुगतो. म्हणून त्याला जास्त फट ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिनात तो खडखडतो. रोजच्या वापराच्या गाडीत हा सौदा परवडतो का, हे ठरवायला प्रसरणाची समज लागते.

रिंगांचे उदाहरण याहून सोपे आहे. ६८.५ मिमी व्यासाच्या रिंगेचा परीघ २१५ मिमी. तापमान ५० अंशांनी वाढले की ओतीव लोखंडाची रिंग जवळजवळ ०.१२ मिमी लांबते. रिंगेच्या दोन टोकांमधली नेहमीची फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते. सिलिंडरला बाहेरून पाणी गार ठेवते, तो त्या मानाने फुगत नाही. फट संपली की टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला घासू लागते आणि पिस्टनचा काठ तुटतो. मग सारे म्हणतात, पिस्टन कच्चा निघाला. रिंगेची फट वाढवायला एक बारीक कानस आणि फीलर गेज पुरते.

बेल यांचे पुस्तक अमेरिकेसाठी लिहिले आहे, हे ते वाचताना क्षणभरही विसरता कामा नये. दाब पौंडांत, तापमान फॅरनहाइटमध्ये, निरपेक्ष तापमान काढायला त्यात ४६० मिळवायचे. एकके बदलता येतात. मिनिटाला २.९ किलो हवा म्हणजे ६.४ पौंड, एवढे केले की टर्बोचे नकाशे वाचता येतात. ऑक्टेनचा आकडा मात्र असा सरळ बदलत नाही. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडचा आकडा त्यांपैकी रिसर्च पद्धतीचा. त्यांचे ९१ हे आपल्या ९५-९६ च्या जवळचे आहे. पुस्तकातला ‘९१ ला चालेल’ असा दाब कोणी आपल्या ९१ च्या पेट्रोलवर लावला, तर नॉकिंग होऊन पिस्टनला भोक पडायला वेळ लागणार नाही. असाच गोंधळ दाबमापकाचा. तो वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. मापकावर तोच अर्धा बार असताना समुद्रकाठी दाबाचे गुणोत्तर १.४९ असते, महाबळेश्वरला १.५८ च्या आसपास. हवा तेथे जास्त तापते.

आणि एक मोह असा आहे की जो अमेरिकन लेखकाला सुचणारच नाही. आपल्या जुन्या बाजारात डिझेल गाड्यांचे टर्बो स्वस्तात मिळतात. १,२४८ घसेंमीच्या डिझेल स्विफ्टचा टर्बो आकाराने मारुतीच्या इंजिनाला फार विजोड नाही. पण डिझेलचा धूर बहुधा ८०० अंशांच्या आत राहतो, पेट्रोलचा जोर असताना तो ९०० च्या पुढे जातो. घराच्या बिडाची आणि चक्राची धातू त्या उष्णतेसाठी निवडलेली नसते. आधी तडे जातात, मग दांड्याचे बेअरिंग आणि तेल जळते. पंपावरचे आकडे जुळले, धातूचे जुळले नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली नोंदणीतील मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाहीत, आणि साडेसहाशे किलोच्या गाडीचे ब्रेकही ३९ अश्वशक्ती धरूनच केलेले आहेत. तेव्हा शाळा-महाविद्यालयात हे पुस्तक वापरायचे ते कागद-पेन्सिल घेऊन. पहिली प्रकरणे आणि इंटरकूलरचा भाग विद्यार्थ्यांकडून एकके बदलून सोडवून घ्यावा. भागांच्या शिफारशी आल्या की प्रत्येकीपुढे ‘का’ लिहायला सांगावे आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. कार्ब्युरेटरवरचे प्रकरण सोडले तरी चालेल.